प्रेक्षणीय की निकाली?

कोल्हापूर शहर ओलांडून पूर्वेकडे निघाले की उचगाव लागते. (बेळगावजवळचे मळेकरणी देवीचे उचगाव वेगळे; हे करवीर तालुक्यातले.) शेजारी गांधीनगरची कापडपेठ, जवळून गेलेला पुणे-बंगळुरू महामार्ग आणि शहराच्या हद्दवाढीचा विषय निघाला की यादीत हमखास येणारे नाव, अशी या गावाची आजची ओळख आहे. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण एक गोष्ट मात्र या पट्ट्यात शहरीकरणालाही पुरून उरली आहे. जत्रा-यात्रांचा हंगाम आला की चौकाचौकांत कुस्ती मैदानांची पत्रके झळकू लागतात. पत्रकाच्या मध्यभागी दोन धिप्पाड मल्लांची छायाचित्रे, मध्ये ‘विरुद्ध’, खाली इनामाचा ठळक आकडा. त्यानंतर दोन नंबरची, तीन नंबरची जोड. शेवटी बारीक टाइपात ‘याशिवाय अनेक लहान-मोठ्या चटकदार कुस्त्या’ असा उल्लेख, आणि कुठेतरी एका चौकटीत, बहुधा रंगीत अक्षरांत, ‘प्रेक्षणीय कुस्ती’.

या एका विशेषणात आजच्या क्रीडाक्षेत्रातला सर्वांत मोठा वाद सामावलेला आहे. कुस्ती ‘प्रेक्षणीय’ असावी की ‘निकाली’? खेळ प्रेक्षकाला रिझवण्यासाठी असतो की श्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी? दूरचित्रवाणीच्या पडद्यापुढे बसलेल्या शहरी माणसाला हा प्रश्न क्रिकेटमुळे सुचतो. करवीर तालुक्यातल्या पालकाला तो फार निराळ्या, फार खर्चिक मार्गाने भेटतो. त्याचा मुलगा पहाटे चार वाजता उठून तालमीत जोर-बैठका मारत असतो. त्याच्या दुधा-तुपाचा, बदामाचा, थंडाईचा खर्च भागवता भागवता घराचे अंदाजपत्रक कोलमडत असते. या मुलाने नेमके कशासाठी तयार व्हायचे, हे त्याला कोणीतरी स्पष्ट सांगितले पाहिजे.

मनोरंजनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट ऐकले पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, मैदान वर्गणीवर, देणगीदारांच्या इनामावर आणि प्रेक्षकांच्या गर्दीवर चालते. गर्दी नसेल तर देणगीदार येत नाही, देणगीदार नसेल तर इनाम नाही, इनाम नसेल तर खुराक नाही आणि खुराक नसेल तर मल्लच नाही. दिवसभर शेतात किंवा औद्योगिक वसाहतीत राबून आलेला माणूस तीन तास मातीत बसतो, तो दोन मल्लांची अर्धा तास चाललेली खडाखडी पाहण्यासाठी नव्हे. त्याला डाव पाहायचा असतो, झेप पाहायची असते, हलगीच्या ठेक्यावर अंगावर रोमांच उभे राहावेत अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा गैर कशी म्हणता येईल?

ती गैर नाहीच. कोल्हापूरच्या कुस्तीचा पायाच प्रेक्षकाचा मान राखून घातलेला आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि पुढे १९१२ साली खासबाग मैदान सिद्ध झाले. मध्ये हौदा आणि चहूबाजूंनी चढत जाणारी उतरती बैठक अशी त्याची रचना आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याचे डोके आड न येता मल्लाचा पाय कुठे पडला ते दिसावे, असा विचार त्यामागे होता. संस्थानाच्या अधिपतीने सामान्य रयतेच्या नजरेचा एवढा विचार करावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. परंतु महाराजांनी प्रेक्षकाची सोय केली ती बैठकीत. हौद्यात काय घडावे हे त्यांनी प्रेक्षकाच्या लहरीवर सोपवले नाही. तिथे त्यांनी मल्ल पोसले, वस्ताद नेमले, तालमी उभ्या केल्या. दिसण्याची व्यवस्था आणि घडण्याची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजचा सारा घोळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे झाला आहे.

खेळाला ‘विनोद’ म्हणणे ही या भूमीला नवी गोष्ट नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाने उपभोगायच्या विनोदांमध्ये मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे कुस्ती राजाच्या करमणुकीसाठीच होती, यात लपवण्यासारखे काही नाही. पण त्याच ग्रंथात मल्लांच्या वय, शरीरयष्टी आणि बळ यांनुसार ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवल अशा प्रती लावलेल्या आहेत. करमणूक करायची, पण ती बरोबरीच्यांना झुंजवून करायची, हा नियम आठशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. आजच्या कित्येक मैदानांत जोड लावताना मल्लांचे वजनसुद्धा करत नाहीत. नावलौकिक, छायाचित्र आणि ‘हा आला तर गर्दी होते’ एवढ्या भांडवलावर जोड ठरते.

मग हौद्यात काय घडते ते कोणत्याही जुन्या शौकिनाला विचारावे. दोन नामांकित मल्ल समोर येतात, शड्डू घुमतो, हात मिळवले जातात. नंतर मान-गर्दन धरून दहा-पंधरा मिनिटे ढकलाढकली चालते. एक पट काढण्याचे नाटक करतो, दुसरा सुटण्याचे. शेवटी पंच दोघांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवतात, इनाम वाटले जाते आणि दोघेही पुढच्या गावच्या मैदानाला मोकळे होतात. याला लोक ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. हा शब्द आता राजकारणातल्या लुटुपुटूच्या भांडणाला वापरला जातो, तो मुळात आखाड्यातला आहे. भाषेत रूढ होण्याइतका हा प्रकार जुना आणि सर्वज्ञात आहे, ही गोष्ट कुस्तीप्रेमींना भूषणावह खचितच नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती अनेकांना रुचणार नाही. गेल्या काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्राच्या मैदानांत देवा थापा या नेपाळी मल्लाच्या गमतीदार कुस्त्यांना तुफान गर्दी होते. त्याच्या उड्या, त्याच्या खोड्या, प्रतिस्पर्ध्याला खेळवण्याची त्याची तऱ्हा यांची चित्रफीत गावोगावच्या मोबाईलवर फिरते. पुष्कळ जुने वस्ताद त्यावर नाक मुरडतात. वास्तविक त्या प्रकाराने कोणाचीच फसवणूक होत नाही. पाहणाऱ्याला ठाऊक असते की ही गंमत आहे. खरी फसवणूक ‘क्रमांक एकची निकाली कुस्ती’ असे छापून बरोबरीत सुटणाऱ्या जोडीत असते. विदूषकाने रंगमंचावर यावे, त्याला टाळ्या मिळाव्यात. आक्षेप असतो तो नायकाच्या वेशात येणाऱ्या विदूषकाला.

पाश्चात्त्यांनी हा प्रवास अखेरपर्यंत करून पाहिला आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी व्यावसायिक कुस्ती खरी होती. गर्दीला लांबलेल्या लढतींचा कंटाळा येतो म्हणून निकाल आधी ठरवण्याची प्रथा रूढ झाली, आणि १९८९ साली तिथल्या सर्वांत मोठ्या कुस्ती कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे सरळ कबूल केले की आम्ही करतो तो खेळ नव्हे, मनोरंजन आहे. क्रीडा नियामक मंडळाच्या देखरेखीतून आणि शुल्कातून सुटका व्हावी, हा त्यामागचा हिशेब होता. धंदा अफाट वाढला. पण त्या कंपनीचा पट्टा कमरेला बांधणारा हा जगातला श्रेष्ठ मल्ल आहे, असे आज शाळकरी मुलगाही मानत नाही.

शुद्ध गुणवत्तेचे भाबडे स्तोम माजवण्याचेही कारण नाही. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये आपला गामा आणि पोलंडचा स्तानिस्लाव झिबिस्को यांची जगप्रसिद्ध लढत झाली. झिबिस्को बहुतेक वेळ मातीला घट्ट चिकटून पालथा पडून राहिला. सुमारे तीन तास हा प्रकार चालला आणि लढत अनिर्णित सुटली. पुढच्या लढतीला झिबिस्को आलाच नाही. दोघेही अस्सल मल्ल होते, लबाडी कोणाची नव्हती, तरीही त्या दिवशी लंडनच्या प्रेक्षकाला कुस्ती पाहायला मिळाली नाही. बचाव करून वेळ काढणाऱ्याला शिक्षा नसेल तर गुणवत्तेलाही निकाल मिळत नाही. पुढे १९२८ साली पटियाळ्यात हेच दोघे भेटले तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखवले.

याच मुद्द्यावर कुस्ती ऑलिम्पिकमधून जवळजवळ हद्दपार झाली होती, याचे स्मरण फार थोड्यांना असेल. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या स्पर्धांसाठीच्या मुख्य खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. जगभर गदारोळ झाला. त्या वेळचे नियमच असे होते की जाणकारालाही कोण पुढे आहे ते कळत नसे. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, आणि एखादी फेरी शून्यावर बरोबरीत सुटली तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा! ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून सुरुवात करण्याचा अधिकार. वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या मल्लाचे भवितव्य सोडतीवर सोपवणारा हा नियम चुरस वाढवण्याच्या नादात आला होता. आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष पायउतार झाले, नियम बदलले, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत एकत्रित गुण मोजण्याची पद्धत आली, निष्क्रिय राहणाऱ्याला दंड आला. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या बैठकीत कुस्ती परत आली. चेंडूची सोडत गेली आणि सतत हल्ला करणाऱ्याला फळ मिळू लागले, तेव्हा कुस्ती अधिक न्याय्यही झाली आणि अधिक बघण्यासारखीही.

म्हणून कसोटी सोपी आहे. प्रेक्षकासाठी केलेला बदल दोन्ही बाजूंना सारखा लागू असेल, आधी ठाऊक असेल आणि खेळाडूला खेळायला भाग पाडत असेल, तर त्याचे स्वागत करावे. कबड्डीतली ‘करो या मरो’ चढाई याच जातीची आहे. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा. खो-खोच्या व्यावसायिक स्पर्धेत २०२२ साली ‘वजीर’ आला, तो कोणत्याही दिशेने धावू शकतो, त्यालाही हरकत नाही. त्या खेळाचे पुढे काही बिघडले नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते.

याच्या उलट दुसरी जात. २०१५ साली सुरू झालेल्या प्रो रेसलिंग लीगमध्ये दोन संघांच्या सामन्यात कर्णधाराला प्रतिस्पर्धी संघाचा एक वजनगट ‘ब्लॉक’ करण्याची, म्हणजे वगळण्याची मुभा होती. साहजिकच समोरच्याचा सर्वांत भारी मल्ल वगळला जाई. ज्याला पाहायला प्रेक्षक तिकीट काढून आला, तोच लंगोट कसून बाकावर बसलेला! डावपेचाची रंगत म्हणून याचे कौतुक झाले. क्रिकेटमध्येही आयपीएलने २०२३ साली ‘इम्पॅक्ट प्लेअर’ आणला. फलंदाजी झाली की एक जण बाहेर, गोलंदाजीला दुसरा आत. एप्रिल २०२४ मध्ये भारताचा तत्कालीन कर्णधार रोहित शर्मा याने या नियमाविषयी उघड नापसंती व्यक्त केली. अष्टपैलू खेळाडू यामुळे घडणे थांबेल आणि थोड्या करमणुकीसाठी खेळाकडून फार काही काढून घेतले जात आहे, असा त्याचा आशय होता. लीगमधून सर्वाधिक लाभ झालेल्या खेळाडूंपैकी एकाने हे म्हणावे, याला वजन आहे.

गदा कोणाची, पदक कोणाचे?

आता मूळ विषयाकडे. मैदानातल्या गर्दीला काय आवडते? भव्य देह. सव्वाशे किलोचा मल्ल हौद्यात उतरला की टाळ्या पडतात. महाराष्ट्र केसरीची मानाची गदा खुल्या गटासाठी, म्हणजे ८६ ते १२५ किलोच्या मल्लांसाठी आहे. त्याच अधिवेशनात बाकीच्या वजनगटांच्याही लढती होतात, पण वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर आणि नेत्यांच्या भाषणांत त्यांची दखल किती घेतली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात गदेच्या मानकऱ्याला थार गाडी मिळाली, तिचे छायाचित्र घराघरांत पोहोचले. त्याच स्पर्धेतल्या ५७ किलो गटाच्या विजेत्याचे नाव किती वाचकांना सांगता येईल?

आणि आता भारताची ऑलिम्पिक कुस्तीतली पदके मोजावीत. हेलसिंकी १९५२, खाशाबा जाधव, ५७ किलो. बीजिंग २००८ आणि लंडन २०१२, सुशील कुमार, ६६ किलो. लंडनलाच योगेश्वर दत्त, ६० किलो. रिओ २०१६, साक्षी मलिक, ५८ किलो. टोकियोत रवी दहिया ५७ किलो आणि बजरंग पुनिया ६५ किलो. पॅरिस २०२४, अमन सेहरावत, ५७ किलो. एकूण आठ पदके, आणि आठच्या आठ ६६ किलो किंवा त्याखालच्या वजनगटांतली. जागतिक स्पर्धेत २०१९ साली कांस्य मिळवणारा बीडचा राहुल आवारे ६१ किलोचा. गर्दी ज्या देहासाठी टाळ्या वाजवते त्या देहाने आजवर ऑलिम्पिकचे एकही पदक आणलेले नाही. खाशाबा जाधव आज तिशीच्या आत असते तर महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी त्यांना उतरताच आले नसते.

एखादा जाणकार यावर १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांकडे बोट दाखवील. तिथे गणपत आंदळकर आणि मारुती माने या दोन्ही भारदस्त मल्लांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले, आणि दोघेही याच मातीत वाढले होते. हा दाखला खरा आहे, आणि त्यावरून एवढेच सिद्ध होते की दोष मातीचा नाही आणि वजनाचाही नाही. दोष आहे तो, वीस वर्षांच्या ५७ किलोच्या मुलाला ‘अंग वाढव, नाहीतर पत्रकावर नाव येणार नाही’ असे सांगणाऱ्या व्यवस्थेचा. तो मुलगा मग अंग वाढवतो. आंतरराष्ट्रीय गटात बसेल असे त्याचे वजन हातचे जाते आणि अवजड मल्लांत तो कायमचा दोन नंबरचा राहतो. पंचविशीत खांदा किंवा गुडघा निकामी झाला की गावी परततो. घरची दोन गुंठे जमीन तोपर्यंत खुराकात गेलेली असते.

खाशाबांची कहाणी तर याच जिल्ह्यात घडली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेला आणि सहावा आला. १९५२ साली निवडीतच अन्याय झाल्याची तक्रार त्यांना करावी लागली. पटियाळ्याच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरचाचणी मिळाली, तीत ते जिंकले. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशाला कसल्याही करमणुकीची अपेक्षा नव्हती. हेलसिंकीची ती लढत कोल्हापुरातल्या कोणाला दिसणारही नव्हती.

हीच गोष्ट बहात्तर वर्षांनी पुन्हा घडली. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि दोन्ही पदकांशी कोल्हापूरचे नाते. नेमबाजीइतका प्रेक्षकाला न रिझवणारा खेळ शोधूनही सापडणार नाही. त्यात हलगी नसते, शड्डू नसतो, प्रतिस्पर्ध्याकडे बघायचेही नसते. याच जिल्ह्याची तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ साली आशियाई सुवर्ण जिंकले. जिथे काटा एक दशांशाने चुकला तरी माफी नसते, तिथे कोल्हापूरची मुले-मुली जगात पुढे जातात. आणि ज्या खेळात कोल्हापूरचे नाव तीन पिढ्या गाजले, त्यात ऑलिम्पिक पदकाची वाट पाहत सात दशके उलटून गेली.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी टोकदार आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. ही स्वागतार्ह सुरुवात होती. पण गावच्या मैदानात मुलींची कुस्ती अजूनही ‘खास आकर्षण’ या चौकटीत पडते. जी मुलगी मॅटवर राष्ट्रीय स्पर्धेची तयारी करते, तिला आकर्षण म्हणून उभे करणे हा तिचा सन्मान नाही.

पंचाचा हात

निकाल महत्त्वाचा मानायचा तर निकाल देणारा हातही तितकाच महत्त्वाचा मानावा लागेल, आणि इथे महाराष्ट्राची अवस्था लाजिरवाणी आहे. जानेवारी २०२३ मध्ये सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर वादंग माजले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन प्रतिस्पर्धी संघटनांनी एकाच महिन्यात दोन ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा भरवल्या, एक फुलगावला आणि एक धाराशिवला. फुलगावची गदा कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेल्या सिकंदरने काही सेकंदांत जिंकली, धाराशिवची शिवराज राक्षेने. राज्याला एकाच हंगामात दोन केसरी! २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला याहून भयंकर घडले. पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट ठरवले गेल्यावर निर्णय अमान्य असलेल्या शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी वाद घालून आखाडा सोडला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

पंचावर पाय उगारणे याचे समर्थन कोणत्याही सभ्य माणसाला करता येणार नाही. आखाड्यात पाऊल टाकण्याआधी मातीला हात लावून मस्तकी लावणाऱ्या परंपरेत तर नाहीच नाही. परंतु प्रश्न तिथेच संपत नाही. व्यासपीठावर मान्यवरांची गर्दी, सत्कारांचा अखंड ओघ, आतषबाजी, निवेदकांचे गगनभेदी आवाज, या साऱ्यावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने निष्पक्ष पंच, त्यांचे प्रशिक्षण आणि वादग्रस्त निर्णय शांतपणे पुन्हा तपासण्याची व्यवस्था यांवर किती खर्च होतो? निकालावरचा विश्वास उडाला की उरतो तो केवळ तमाशा, आणि तमाशात भांडण झाले तर प्रेक्षकाला तेही प्रेक्षणीयच वाटते. त्या लाथेची चित्रफीत त्या स्पर्धेतल्या कोणत्याही डावापेक्षा अधिक लोकांनी पाहिली असेल.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात कंसाने मथुरेत भरवलेल्या मल्लोत्सवाचे वर्णन आहे. एका बाजूला चाणूर आणि मुष्टिक हे पर्वतप्राय मल्ल, दुसऱ्या बाजूला कोवळे कृष्ण-बलराम. कीर्तनकार तो प्रसंग रंगवतात ते कृष्णाच्या पराक्रमासाठी. पण त्यात एक बारकावा आहे, तो सहसा सुटतो. चाणूराने आव्हान दिल्यावर कृष्ण प्रथम असे म्हणतो की आम्ही बालके, आमच्या बरोबरीच्या बळाच्या मुलांशी आम्ही खेळू. म्हणजे या मल्लसभेतल्या सभासदांना अधर्म लागणार नाही. आणि लढत सुरू झाल्यावर मथुरेच्या स्त्रिया आपसात म्हणतात की अशी विषम झुंज पाहत बसणारी सभा अधर्माची आहे, तिथे थांबूच नये. म्हणजे दोष फक्त कंसाचा धरलेला नाही. बैठकीत बसून पाहणाऱ्यांचाही धरलेला आहे. प्रेक्षक हा निर्दोष ग्राहक आहे, तो मागेल ते पुरवावे, हे बाजाराचे तत्त्वज्ञान त्या स्त्रियांना मान्य नव्हते.

उचगावातला आणि आसपासच्या गावांतला प्रेक्षक हाही काही असा तसा नाही. कोणता मल्ल खरा लढतो आणि कोणता वेळ काढतो हे त्याला पहिल्या दोन मिनिटांत कळते. नुरा कुस्ती चालली की तोच आरडाओरडा करतो. गरज आहे ती यात्रा समितीने त्याच्या या जाणतेपणावर भरवसा ठेवण्याची. क्रमांक एकच्या जोडीवर उधळली जाणारी रक्कम थोडी कमी करून तालुक्यातल्या पंधरा ते वीस वयोगटातल्या मुलांच्या वीस-पंचवीस लढतींना अर्थपूर्ण इनाम देता येईल. सकाळी सर्वांची वजने घ्यावीत आणि वजनाप्रमाणे जोडी लावाव्यात. मातीतल्या कुस्तीलाही वेळ बांधून द्यावा, वेळ संपली तर गुणांवर निकाल द्यावा, बरोबरी ही सोयच काढून टाकावी. पंच शेजारच्या तालुक्यातून, शक्य तर राष्ट्रीय स्पर्धांचा अनुभव असलेले बोलवावेत. हलगी वाजू द्यावी, फेटे बांधावेत, निवेदकाने खुसखुशीत किस्से सांगावेत, पाच मिनिटांची एखादी गमतीची कुस्तीही ठेवावी. मात्र पत्रकावर ती गमतीची म्हणूनच छापावी.

काही वस्ताद म्हणतात, अशाने गर्दी येणार नाही. पण सोळा वर्षांचा आपल्याच गावचा पोरगा शेजारच्या गावच्या पोराशी बरोबरीच्या वजनात जीव तोडून लढत असेल, तर त्याचे सारे आप्त, सारी गल्ली, त्याची शाळा मैदानात येते. परगावच्या, परराज्यातल्या मल्लासाठी जमलेली गर्दी हात वर झाल्यावर पांगते. ही गर्दी त्या मुलाला घरापर्यंत पोहोचवते, आणि पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ तालमीत नाव घालतो.

हद्दवाढ आज ना उद्या होईल, गाव शहरात विरघळेल, यात्रेचे मैदान कदाचित वाहनतळ होईल. तोवर हाती असलेल्या हंगामांत करण्याजोगी पहिली गोष्ट अगदी स्वस्त आहे. गांधीनगरच्या बाजारात जो वजनकाटा सहज मिळतो तो आणून मैदानाच्या प्रवेशद्वाराशी ठेवावा, आणि पुढच्या पत्रकात मल्लाच्या नावापुढे, इनामाच्या आकड्याच्या आधी, त्याचे वजन छापावे.